खांडबाऱ्याचें शेत आणि आमचें दुष्काळी वाङ्मय

कोणत्याहि कृषिप्रधान देशाच्या वाङ्मयाची शेताशी ओळख कितपत खरी आहे, हें पाहावयाचें झाल्यास त्यांतला पाऊस पाहावा. आमच्या मराठी वाङ्मयांत पावसाची वाण नाहीं. मेघ आहेत, मोर आहेत, विरहिणी आहेत, श्रावणांतलें ऊन आहे. आणि पाऊस रुसला म्हणजे ओढवणारा दुष्काळहि आहे. परंतु पाऊस पडला, चांगला भरपूर पडला, मात्र नेमका कापणीच्या आठवड्यांत पडला, आणि त्यामुळें रचून ठेवलेल्या भाताला कोंब फुटले, ही साधी हकीगत शोधावयास निघाल्यास पुष्कळ पानें उलटावीं लागतात. शेतकऱ्याच्या घरीं मात्र हीच हकीगत वारंवार सांगितली जाते. पुस्तकांतली आपत्ति आणि शेतांतली आपत्ति यांत एवढें अंतर कां पडावें, आणि त्या अंतराची किंमत कोणाला मोजावी लागते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

हा विचार नुसता हवेंतला होऊं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. खांडबारा हें नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांतलें, सुरत–जळगांव लोहमार्गावरचें गांव. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशास पुढें धुळें जिल्हा हें नांव मिळालें, आणि १ जुलै १९९८ रोजीं त्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. खानदेश म्हटलें कीं पुण्यामुंबईच्या वाचकांस काळी जमीन, कपाशी आणि केळीचे बाग आठवतात. नवापूरकडचा हा कोपरा त्या चित्रांत बसत नाहीं. येथें सह्याद्रीचीं उत्तरेकडचीं टोकें उतरत येतात. खोलगट जागीं भाताचीं खाचरें, उतारावर नागली, मोकळ्या रानांत ज्वारी, मका आणि तूर, असा पिकांचा क्रम लागतो. पाऊसहि सर्वत्र सारखा नाहीं. नवापूरच्या बाजूस तो बराच पडतो, आणि आगगाडीनें नंदुरबारकडे जाऊं लागलें कीं थोड्या कोसांत तो हात आखडता घेतो. वस्ती मुख्यतः मावची, भिल्ल, कोकणी या आदिवासी समाजांची. घरांतली बोली मावची, भिली किंवा कोकणी. मराठी येते ती शाळेंतून आणि तलाठ्याच्या दप्तरांतून. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे पुढें परत यावयाचें आहे.

आम्हां शहरांतल्या लोकांस आपत्ति म्हणजे एक घटना वाटते. तिला तारीख असते, वर्तमानपत्रांत मथळा असतो, आणि कांहीं दिवसांनीं ती संपते. शेतकऱ्याचा हिशेब निराळा. एकच पाऊस एका पिकास तारक आणि बांधापलीकडच्या पिकास मारक असूं शकतो. तोच पाऊस पंधरा दिवस आधीं आला असता तर त्याचें स्वागत झालें असतें. म्हणून पाऊस किती पडला हें विचारण्याआधीं तो केव्हां पडला, व त्या वेळीं पीक कोणत्या अवस्थेंत होतें, हें शेतकरी विचारतो. पेरणीपूर्वीं तो माती उकरून ओल किती खोल गेली आहे हें पाहतो. कारण वरच्यावर भिजलेल्या जमिनींत दाणा उगवतो आणि करपतो, आणि दुबार पेरणीपुरतें बियाणें घरांत नसतें. भाताचें रोप तयार आहे, पण चिखल होण्याइतकें पाणी खाचरांत नाहीं, अशा वेळीं रोप जागच्या जागीं जून होतें. मागाहून तें लावलें तरी त्याला फुटवे कमी येतात. तूर फुलोऱ्यांत असतां चार दिवस आभाळ झांकलेलें राहिलें तर एक थेंबहि न पडतां फूल गळतें आणि शेंगा पोखरणारी अळी वाढते. ज्वारीचा दाणा भरल्यावर पाऊस आला तर दाणा काळा पडतो; तो बाजारांत पडत्या भावानें जातो आणि घरांत भाकरीची चव बिघडवितो. २०१८ सालीं या देशांत प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यांत शिरली, आणि या जुन्या यादींत एका नव्या नांवाची भर पडली. वारा, गारा, धुकें, रानडुकरें हीं तर त्या यादींत पूर्वींपासूनच आहेत.

ही यादी रसिकास रुक्ष वाटेल. परंतु तींत एक व्यवस्था आहे. तिचा काळ पिकाच्या वयानें मोजला जातो, आणि तिचें मोजमाप घरांतल्या कणगीशीं जुळतें. त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, तिचें उत्तर शेतांतच दिलेलें असतें. सखल खाचर अतिवृष्टींत बुडतें तेव्हां उतारावरची नागली तगते. पाऊस ओढ देतो तेव्हां उतारावरचें वाळतें आणि सखल जागेंत ओल टिकते. म्हणून ज्याच्याकडे दोन्ही तऱ्हेची जमीन आहे तो एकीचा मोह धरून दुसरी सोडीत नाहीं. ज्वारीच्या तासांमागून तुरीचें तास, मध्यें उडीद, कडेला अंबाडी, अशी मिश्र पेरणी तो करतो ती अडाणीपणानें नव्हे. एक गेलें तर दुसरें हातीं राहावें हा त्यांतला विचार आहे. आपत्तीविषयीं त्याचें मत काय आहे हें ज्यास जाणून घ्यावयाचें असेल त्यानें आधीं पेरणीचीं तासें वाचावीं. तो त्याचा ग्रंथ आहे, आणि दर वर्षीं त्याची नवी आवृत्ति निघते.

२०१८ या वर्षाचें उदाहरण घ्या. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत नवापूर तालुक्यांत अतिवृष्टि होऊन रंगावली नदीला मोठा पूर आला. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस महाराष्ट्रांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, व त्यांत नंदुरबार जिल्ह्यांतलेहि तालुके होते. पूर आणि दुष्काळ हीं दोन निराळीं प्रकरणें आहेत अशी ज्याची समजूत आहे, त्यास हें वर्ष कोड्यासारखें वाटेल. शेतकऱ्यास त्यांत कोडें नाहीं. आलेला पाऊस माती घेऊन निघून गेला, जमिनींत मुरला नाहीं, आणि दाणा भरण्याच्या वेळीं आलाच नाहीं, तर एकाच शेतांत दोन्ही आपत्ति एकामागून एक येऊं शकतात.

आतां या दृष्टीचा जो भाग शब्दांत उतरला आहे तो पाहूं. आमच्या पावसाळी म्हणी हें शेतकऱ्याचें अनुभवशास्त्र आहे असें सांगण्याची प्रथा आहे. तींत तथ्य आहे. तथापि टीकाकारानें म्हणींपुढेंहि नुसते हात जोडून उभें राहूं नये. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण भातकऱ्याची आहे यांत शंका नाहीं. सप्टेंबरच्या उत्तरार्धांत, भात पोटरींत किंवा फुलोऱ्यांत असतां, पाण्याची जी गरज असते ती या म्हणींत नेमकी पकडलेली आहे. पण ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण घेऊन खांडबाऱ्यास जा. ऑक्टोबरच्या शेवटीं पडणारा स्वातीचा पाऊस देशावरच्या रब्बी ज्वारीला मोत्यांचा असेल. येथें त्या वेळीं भात कापणीला आलेला किंवा कापून पडलेला असतो, आणि तोच पाऊस मोत्यांना कोंब आणतो. म्हण खोटी नाहीं. ती दुसऱ्या जमिनीची आहे. शाळेंतल्या पुस्तकांतून ती सर्वांची म्हणून शिकविली जाते, एवढीच चूक.

दुसरीहि एक गोष्ट आहे. नक्षत्रें हीं ताऱ्यांनीं मोजलीं जातात आणि ऋतु सूर्याच्या उत्तर-दक्षिण गतीनें. अयनचलनामुळें या दोन मापांत सुमारें ७० वर्षांस एक दिवसाचें अंतर पडत जातें. म्हणजे पांचशें वर्षांपूर्वीं एखादी म्हण बांधली गेली असेल, तर तिच्यांतलें नक्षत्र आज ऋतूच्या मानानें आठवडाभर मागें पडलेलें असणार. पिकाला एक आठवडा ही थोडी गोष्ट नाहीं. शिवाय म्हणी बांधल्या गेल्या तेव्हांचीं बियाणें बहुधा उशिरां येणारीं होतीं. आजचीं सुधारलेलीं वाणें लवकर तयार होतात. पीक बदललें, ऋतु बदलत आहे, आणि म्हण मात्र जागच्या जागीं आहे. आमच्या ग्रामीण लेखकांपैकीं पुष्कळांनीं म्हणी पात्रांच्या तोंडीं घालून त्यांस शेतकरी केलें आहे. खरा शेतकरी म्हण म्हणतो, आणि मग आभाळाकडे पाहून तिच्याविरुद्धहि वागतो. हा दुसरा भाग पुस्तकांत क्वचित् येतो.

आतां ग्रंथांकडे वळूं. १६३० च्या सुमारास दख्खन व गुजराथ यांवर जो भयंकर दुष्काळ ओढवला त्यानें तुकारामबुवांच्या घरावर घाला घातला. व्यापार बुडाला, पत्नी अन्नावांचून गेली. त्या आघातांतून त्यांनीं जें निर्माण केलें तें अलौकिक आहे. परंतु त्या उदाहरणावरून पुढें आमच्या वाङ्मयांत अशी रीत पडली कीं, दुष्काळ म्हणजे मनुष्यास संसाराची असारता शिकविणारा प्रसंग. संतास तो दरवाजा उघडला. ज्याला पुढच्या मृगांत पुन्हां पेरावयाचें आहे त्याला तो उघडून चालत नाहीं. त्याला संसार असार आहे असें म्हणण्याचीहि सवड नसते.

हरि नारायण आपटे यांनीं गेल्याच्या आदल्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळावर ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा लिहिली. आमच्या कथावाङ्मयांत तिचें स्थान मानाचें आहे व तें तसेंच राहावें. तिनें मध्यमवर्गाच्या वाचकास दयेचे अश्रु दिले. पण दया ही दुरून पाहणाराची वृत्ति आहे. दुष्काळ पूर्ण पिकला म्हणजेच ती जागी होते. दुबार पेरणीच्या वेळीं ती झोंपलेली असते. १८८३ सालीं ज्योतीराव फुले यांनीं लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ या दृष्टीनें निराळ्या जातीचा ग्रंथ आहे. त्यांतली भाषा कडवट आहे, विवेचन कोठें कोठें पसरट आहे, आणि नाजूक रुचीच्या वाचकांस तो आजहि बोचतो. परंतु पाऊस, डोंगरावरचें रान, वाहून जाणारी माती, जनावरांचें चरणें, सरकारी जंगलखातें, सावकार आणि शेतसारा हीं सर्व एकाच साखळीचे दुवे आहेत हें त्यांत दिसतें, आणि पाणी अडवून जमिनींत जिरविण्याकरितां ताली-बंधारे घालावे असा उपायहि त्यांत सांगितलेला आहे. आपत्ति आभाळांतून पडते, पण तिचें नुकसान जमिनीवर तयार झालेलें असतें, हें मर्म त्यांना गवसलें होतें. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत पिकाचा दाणा खळ्यावरून किती हातांत जातो याचें जें बारीक वर्णन आहे, तेंहि या विषयाच्या अभ्यासकानें टाळूं नये. कारण पीक बुडतें तेव्हां केवळ धनी बुडत नाहीं, त्या दाण्यावर डोळा ठेवून बसलेला सारा गांव बुडतो.

स्वातंत्र्योत्तर कादंबरींत चित्र पालटलें. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळाशीं येऊन थांबते. माणसें मेंढरांसह वाट धरतात आणि वाडी ओस पडते. तेथें आक्रोश नाहीं, उपदेश नाहीं. आणि म्हणूनच ती मनांत राहते. तरीहि तो सर्व प्रकार आपण एका बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनीं पाहतों, आणि दुष्काळ हा तेथेंहि कथेचा शेवट आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यांत दुष्काळ हा शेवट नसतो. तो मधला एक अध्याय असतो, आणि पुढचा अध्याय लिहिणें भाग असतें. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२), जिला २००४ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, या बाबतींत एक पाऊल पुढें आहे. तिच्या नांवांतच वर्षाचे बाराहि महिने आहेत, आणि शिकलेल्या शेतकरीपुत्राचें घर नापिकी, कर्ज व बेकारी यांनीं महिन्यागणिक कसें झिजतें हें ती दाखविते. आपत्ति ही घटना नसून स्थिति आहे, हें इतक्या स्पष्टपणें मांडणाऱ्या मराठी कादंबऱ्या थोड्या आहेत.

याच खानदेशांत, खांडबाऱ्यावरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोंकाकडे, जळगांवनजीकच्या आसोद्यांत बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांच्या तोंडचीं गाणीं घरच्यांनीं टिपून घेतलीं आणि त्यांच्या मागें १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. त्या गाण्यांची थोरवी पुष्कळांनीं गाइली आहे. आमच्या विषयापुरतें एवढेंच सांगावयाचें कीं, तेथें पेरणी, मोट, खळें आणि जातें यांच्यामधून बोलणारी व्यक्ति ही पाहणारी नसून करणारी आहे. तथापि ती काळ्या जमिनीची, लेवा घरांतली दृष्टि आहे. खानदेशाचें सर्व शेत एका बहिणाबाईंनीं सांगितलें असें समजून आपण मोकळे झालों, तर त्यांच्यावरहि अन्याय होईल आणि डोंगराकडच्या शेतकऱ्यावरहि.

येथवर ललित वाङ्मयाचा विचार झाला. पण आपत्तीविषयीं मराठींत सर्वांत अधिक लेखन होतें तें साहित्यिकांकडून नव्हे, कचेऱ्यांतून. पंचनामा, पैसेवारी, नुकसानीचा तक्ता, हे आमचे सर्वांत जास्त खपाचे दुष्काळी ग्रंथ आहेत; आणि ज्या ग्रंथावर माणसाची चूल अवलंबून असते त्याची समीक्षा न करणें हें टीकाशास्त्राला शोभत नाहीं. पूर्वीं पीक आण्यांत मोजीत, तिला आणेवारी म्हणत. आतां पैशांत मोजतात, आणि पैसेवारी पन्नासाच्या आंत आली म्हणजे टंचाईचा विचार होतो. हा आंकडा केवढा स्फोटक आहे हें शेजारच्या गुजराथेनें १९१८ सालीं पाहिलें. १९१७ च्या अतिवृष्टीनें खेडा जिल्ह्यांतील पिकें बुडालीं. पीक चार आण्यांहून कमी आल्यास सारा तहकूब करावा असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या खालीं आहे, सरकारी अधिकारी म्हणत वर आहे. शेत एकच, वाचणारे दोन. त्या दोन वाचनांतून गांधीजींचा खेडा सत्याग्रह उभा राहिला.

आजचे नियम अधिक शास्त्रीय आहेत, परंतु वाचनाचा प्रश्न मिटलेला नाहीं. महसूल मंडळांत २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे ती अतिवृष्टि. आणि पिकाचें नुकसान ३३ टक्के किंवा अधिक झालें म्हणजे मदतीस पात्रता. आतां एक कल्पित पण अशक्य नव्हे असें घर घेऊं. त्या घरीं चांगल्या वर्षीं भाताचीं दहा पोतीं येतात. सात पोतीं वर्षाचें खाणें; एक पोतें बियाणें व मजुरांस द्यावयाचें धान्य; दोन पोतीं विकून मीठमिरची, कपडा, मुलांची शाळा. पावसानें तीन पोतीं गेलीं. कागदावर नुकसान ३० टक्के, मदत नाहीं. घरांत मात्र विक्री गेली आणि बियाणेंहि गेलें. म्हणजे चालू वर्षाचा पैसा आणि पुढच्या वर्षाची पेरणी दोन्ही गेलीं. टक्का हा शेताचा भाग मोजतो; शेतकरी घराचा कोणता भाग गेला हें मोजतो. दोन्ही मापें खरीं आहेत, पण चूल दुसऱ्या मापानें पेटते.

विम्याचीहि तीच कथा. २०१६ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आंत द्यावी असा नियम ठेवण्यांत आला. गारांची खबर अशी देतां येते. गारेला घटका असते. परंतु तुरीचें फूल झांकोळलेल्या दिवसांत हळूहळू गळतें, रोप वाफ्यांत हळूहळू जून होतें. त्या आपत्तीचे ७२ तास कोणत्या क्षणापासून मोजावे? भातखाचरांत पाणी सांचून होणारें नुकसान २०१८ सालीं स्थानिक आपत्तींच्या यादींतून वगळलें गेलें, आणि २०२५ च्या अखेरीस तें पुन्हां घेण्याचा निर्णय झाला. मधल्या वर्षांत पाणी खाचरांत सांचतच होतें. यादींत मात्र नव्हतें. शब्द यादींत असणें आणि नसणें यावर येथें जेवढें अवलंबून आहे तेवढें कोणत्याहि काव्यांतल्या शब्दावर नसेल.

आतां आरंभीं राखून ठेवलेली गोष्ट. खांडबाऱ्याचा शेतकरी पंचनाम्याच्या वेळीं जें बोलतो तें आधींच भाषांतर असतें. मातीचे, ओलीचे, पावसाच्या तऱ्हांचे त्याचे शब्द मावचींत किंवा भिलींत असतात. मराठींत येतांना त्यांची धार बोथट होते, आणि छापील नमुन्यांत शिरतांना ते केवळ ‘बाधित क्षेत्र’ होतात. भिल्ल समाजांतले कवि वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ सालीं निघाला तेव्हां मराठी वाचकास प्रथमच या बाजूची भाषा स्वतःच्या आवाजांत ऐकूं आली असें म्हणावयास हरकत नाहीं. दुसऱ्यानें आपल्याविषयीं बोलावें आणि आपण ऐकत बसावें, या व्यवस्थेविरुद्ध तो आवाज होता. आमच्या मतें त्याचा संबंध जितका व्यासपीठाशीं आहे तितकाच पंचनाम्याशीं आहे.

लिहिलेल्या शब्दाबाहेरहि या समाजांची आपत्तीविषयींची मीमांसा आहे. गुजराथेंत देवमोगरा येथें याहा मोगी देवीचें ठाणें आहे. महाशिवरात्रीस नंदुरबार जिल्ह्यांतूनहि हजारों कुटुंबें तेथें जातात आणि धान्य वाहतात. भीषण दुष्काळांत या मातेनें आपल्या कोठारांतून लोकांस धान्य दिलें अशी कथा सांगतात. पावसाळ्यांत रानांतल्या हिरव्या पाल्याचा पहिला उपयोग करण्यापूर्वीं नीलचारी, आणि नवीन दाणा तोंडांत घालण्यापूर्वीं नवाई, असे विधि आहेत. सुशिक्षित मनुष्य यांस भाबडेपणा म्हणून सोडून देतो, नाहींतर संस्कृति म्हणून फोटो काढतो. कथेकडे कथा म्हणून पाहिलें तर काय दिसतें? या देवीनें पाऊस पाडला नाहीं. तिनें सांठविलेलें धान्य वांटलें. दुष्काळावरचा उपाय आभाळांत नसून कोठारांत आणि वाटपांत आहे, असा या कथेचा अर्थ होतो. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखविलें कीं, माणसें मरतात तीं नेहमीं धान्य नसल्यामुळें नव्हे, तर असलेल्या धान्यावर त्यांचा हक्क पोंचत नसल्यामुळें. देवमोगऱ्याची कथा आणि तो ग्रंथ यांत शास्त्राचें अंतर मोठें आहे. पण दोघांचीं बोटें एकाच दिशेस वळलेलीं आहेत.

एवढ्यावर कोणी आक्षेप घेईल कीं, प्रस्तुत लेखक शेतकऱ्यास सर्वज्ञ ठरवीत आहे. तसें मुळींच नाहीं. शेतकऱ्याची दृष्टि आपल्या शिवारापुरती तीक्ष्ण असते. समुद्रावरच्या वाऱ्यांची ओळख तिला नाहीं. या देशाचें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें, ब्लॅनफर्ड यांनीं १८८६ सालीं मोसमी पावसाचें पहिलें भाकित वर्तविलें, आणि आज चार दिवस आधीं मिळणाऱ्या सूचनेनें कापलेलें भात वेळेवर झांकतां येतें. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हें एका शिवारांत उभें राहून समजणारें नव्हे. त्याचप्रमाणें, बांधावरचें झाड तोडणें किंवा उतारावर आडवी ऐवजीं उभी नांगरट करणें हे दोष शेतकऱ्याच्या हातूनहि घडतात. ते आभाळाच्या माथीं मारून भागणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हवामानशास्त्र ढग वाचतें, कचेरी टक्के वाचते, कादंबरी अश्रु वाचते. आणि पिकाची अवस्था व घरांतली कणगी एकत्र वाचणारा जो एकच वाचक आहे, त्याचें वाचन कोणी मागत नाहीं.

त्याच्यावर दैववादाचा आरोपहि जुना आहे. मिश्र पेरणी करणारा, दोन जातींच्या जमिनी राखणारा, उपाशीं राहूनहि बियाण्याची मडकी न फोडणारा मनुष्य दैववादी असेल, तर मग विमा उतरविणारा आणि पेन्शनीची तजवीज करणारा नोकरदारहि दैववादीच म्हणावा लागेल. ‘देवाची मर्जी’ हे शब्द तो उच्चारतो खरा. पण ते उच्चारतो सर्व उपाय करून झाल्यावर, आणि बहुधा पुढें बसलेल्या साहेबास दुसरें कांहीं समजणार नाहीं हें ओळखून.

ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्या घरांतहि या विषयाचा प्रवेश झालेलाच असतो. तुरीच्या डाळीचा भाव चढला म्हणजे जेवतांना त्याची चर्चा होते, आणि ती व्यापाऱ्यापाशीं किंवा सरकारपाशीं येऊन थांबते. फुलोऱ्यांतल्या त्या चार झांकोळलेल्या दिवसांपर्यंत ती पोंचत नाहीं. कारण त्या दिवसांचें वर्णन आपण कोठें वाचलेलें नसतें. वाङ्मयाचें एक काम हें आहे कीं, जेथें आपली नजर पोंचत नाहीं तेथें ती पोंचवावी. थोर दुष्काळाचें चित्र काढणारे लेखक आमच्याकडे झाले. लहान आपत्तीचा इतिहासकार अद्याप व्हावयाचा आहे. तो कदाचित् मावचींत किंवा भिलींत बोलेल, आणि त्याचा पहिला मसुदा एखाद्या शाळकरी मुलानें बापासाठीं भरलेल्या नुकसानीच्या अर्जांत आजहि पडलेला असेल. त्या अर्जांतल्या ‘शेरा’ या कोऱ्या रकान्यांत दोन ओळी लिहिण्याइतकी जागा असते. तेथें काय लिहिलें आहे हें वाचण्याची संवय आम्ही टीकाकारांनीं लावून घेतली, तर आमच्या वाङ्मयांतला पाऊस थोडा तरी शेतांत पडूं लागेल.